थीम पार्कमधील लांब रांगा कशा टाळाव्यात: कोल्हापूरहून सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापूरकरांना रांगेचे गणित नव्याने शिकवावे लागत नाही. अंबाबाईच्या मंदिरात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि मुख्य दर्शनाची वेगळी असते, पहाटे लवकर गेले तर दर्शन निवांत होते आणि जोतिबाच्या डोंगरावर रविवारी जाणे व बुधवारी जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र हेच कुटुंब महागडी तिकिटे काढून थीम पार्कला निघाले की हा सारा अनुभव घरी राहतो आणि दिवसाचा मोठा भाग लोखंडी कठड्यांच्या वळणांत उभे राहण्यात जातो.

पहिल्या खेपेस आमचेही तसेच झाले. सासूबाई, आम्ही दोघे, दोन मुले, धाकटे दीर आणि जाऊबाई असे सातजण पहाटे चार वाजता राजारामपुरीतून निघालो. वाटेत नाश्ता, खंबाटकी घाटातली ट्रकांची रांग आणि पुण्याबाहेरची वाहतूक यांतून पार्कच्या दारात पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. तिकीट खिडकी, बॅगांची तपासणी आणि लॉकर आटोपून पहिल्या रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहीपर्यंत साडेबारा होऊन गेले. दिवसभरात मोठ्या राइड झाल्या फक्त चार. त्यांतल्या एका राइडसाठी पाच वर्षांचा धाकटा तासाभराहून अधिक वेळ रांगेत उभा राहिला आणि अगदी दाराशी, उंची मोजण्याच्या पट्टीला दोन बोटे कमी भरला. तो रडला नाही. मागे वळून त्या पट्टीकडे बघत राहिला. पट्टी रांगेच्या सुरुवातीलाही लावलेली होती, पण आम्ही कोणीच ती पाहिली नव्हती. हा लेख मी मुख्यतः त्या प्रसंगामुळे लिहीत आहे.

त्यानंतरच्या सहलींत आम्ही जे बदल केले, ते क्रमाने पुढे दिले आहेत. त्यांतले बरेचसे बदल कोल्हापूर सोडण्यापूर्वीच करायचे आहेत, कारण गर्दीच्या दिवशी उशिरा पोचल्यावर पार्कच्या आत फारसे काही हातात उरत नाही.

दिवसाची निवड

कोल्हापूरहून जाणाऱ्या कुटुंबांसमोर साधारणपणे दोन मोठे पर्याय असतात. एक म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर असलेले आणि २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका, जे कोल्हापूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. दुसरा म्हणजे बेंगळुरूजवळ बिडदी येथे म्हैसूर रस्त्यावर असलेले वंडरला, जे ६०० किलोमीटरहून अधिक दूर पडते. या दोन्ही ठिकाणी गर्दी कधी होते, हे तिथल्या आसपासच्या शहरांतील शाळांच्या सुट्ट्यांवर ठरते. आपल्या शाळेच्या सुट्टीशी त्याचा संबंध असेलच असे नाही. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर फार मोठा लाभ होतो.

उन्हाळ्याचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. कर्नाटकातील शाळा मात्र मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या अगदी आरंभी सुरू होतात. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपली मुले अजून मोकळी असतात, तर बेंगळुरूची मुले वर्गात बसलेली असतात. त्या दिवसांतला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडला तर सुट्टीही वाया जात नाही आणि गर्दीही पुष्कळ कमी मिळते. दिवाळीच्या बाबतीतही थोडे असेच घडते. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याच्या सुमारास असते, आपली दिवाळीत. त्यामुळे भाऊबीज उलटून गेल्यावर, पण आपल्या शाळा उघडण्यापूर्वी, मधल्या वारी बेंगळुरूला जाणे खोपोलीला जाण्यापेक्षा सुखाचे ठरते, कारण खोपोलीला त्याच आठवड्यात मुंबई, ठाणे आणि पुणे ही तिन्ही शहरे लोटलेली असतात.

इमॅजिकाला जायचे असेल तर शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या कटाक्षाने टाळाव्यात. नाताळपासून १ जानेवारीपर्यंतचा आठवडा तर विचारातही घेऊ नये. हिवाळ्यातल्या कामाच्या वारांबद्दल एक सावधगिरी सांगते, कारण येथे अनेकजण फसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शाळांच्या सहलींचा मोसम असतो आणि सहली बहुधा कामाच्या वारीच निघतात. मंगळवार पाहून गेलो आणि पाहतो तो फाटकासमोर वीस बसगाड्या उभ्या, असे घडू शकते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी पार्कला फोन करून "त्या दिवशी शाळांच्या किती सहली येणार आहेत?" असे सरळ विचारावे, बहुतेक वेळा नीट उत्तर मिळते. सहली असल्या तरी दिवस रद्द करण्याचे कारण नाही. मुलांना वेळेत शाळेत परत पोचवायचे असल्याने बसगाड्या दुपारनंतर लवकर निघतात आणि त्यानंतरचे दोन तास पार्क एकदम मोकळे वाटू लागते. अशा दिवशी मोठ्या राइडपैकी निम्म्या मुद्दाम संध्याकाळसाठी राखून ठेवाव्यात.

पावसाळ्यातल्या कामाच्या वारी खोपोलीला रांगा नसल्यातच जमा असतात, परंतु घाटाच्या पायथ्याचा तो पाऊस कोल्हापूरच्या पावसालाही भारी असतो आणि विजा चमकू लागल्या किंवा जोराचे वारे सुटले की उघड्यावरच्या राइड थांबवल्या जातात. ज्यांच्या घरी रोलर कोस्टरची फारशी हौस नाही आणि लहान मुलांना छताखालच्या राइड व खेळ दाखवायचे आहेत, त्यांनीच ही जोखीम घ्यावी.

आदल्या रात्री पोचणे

कोल्हापूरहून जाणाऱ्यांनी एकच सूचना पाळायची ठरवली तर ती हीच पाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबई-पुण्याचे कुटुंब सकाळी निघून फाटक उघडताना हजर राहू शकते. आपण राहू शकत नाही. रात्री दोन वाजता निघून तसे करताही येईल, परंतु जागरण झालेली मुले दुपारी दोनच्या उन्हात कोमेजतात आणि ज्याने रात्रभर गाडी हाकली, त्याच्या डोक्यात पहिल्याच राइडला चक्कर येते. महामार्गाच्या कामांमुळे कोल्हापूर ते पुणे हा टप्पाही आता हिशेबात धरता येत नाही; कधी साडेचार तास, कधी सहा.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी निघून खोपोली किंवा लोणावळ्यात मुक्काम करावा. खोपोली सोयीचे, कारण सकाळी घाट उतरण्याचा प्रश्नच उरत नाही. लोणावळ्यात राहिल्यास सकाळी घाट उतरायचा असतो. शनिवारी तुंबलेली वाहतूक बहुधा मुंबईकडून वर येणारी असते, त्यामुळे आपली उतरणीची बाजू सहसा चालू राहते, तरीही हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवावा. मुक्कामाचा खर्च वाढतो हे खरे आहे. परंतु सातजणांची तिकिटे काढून निम्म्या राइड न करता परतणे हा त्याहून मोठा तोटा आहे, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

बेंगळुरूसाठी रेल्वेचा पर्याय चांगला आहे. मिरजेवरून जाणारी राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस सकाळी बेंगळुरूला पोचवते, पण त्याच दिवशी स्टेशनवरून थेट पार्कला जाण्याचा मोह आवरावा. पहिला दिवस शहर पाहण्यात घालवून दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन बिडदीला जावे. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी तुमकुरू रस्त्याने आल्यावर शहरात न शिरता नाइस रोडने म्हैसूर रस्ता गाठावा आणि शक्य तर केंगेरी-बिडदीच्या बाजूलाच मुक्काम करावा. सकाळी बेंगळुरू शहर ओलांडण्यात जो वेळ जातो, त्यात पार्कमधल्या दोन राइड सहज होऊन जातात.

घरच्या भिंतीवर उंचीची खूण

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी प्रत्येक मुलाला भिंतीशी उभे करून सेंटीमीटरमध्ये उंची मोजावी, अनवाणी एकदा आणि ज्या बुटांनी जाणार आहोत ते बूट घालून एकदा. मग पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडसाठी दिलेली किमान उंची पाहून तेवढ्या उंचीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारावी. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी अशा तीन रेघा अजून आहेत. मुलगा स्वतःच त्यांच्याशी पाठ टेकून उभा राहिला आणि कोणत्या राइड आपल्या नाहीत, हे त्याला घरीच उमगले. पार्कमध्ये त्याने एकदाही हट्ट केला नाही. तिकिटाचा वर्गही बहुधा मुलाच्या उंचीवरूनच ठरतो, त्यामुळे हे मोजमाप खिडकीवरचा वादही वाचवते.

त्यानंतर एका कागदावर घरातल्या प्रत्येकाने आपापल्या तीन राइड लिहाव्यात, फक्त तीन. सर्वांची यादी एकत्र केली की आठ-दहा नावे होतात आणि दिवसाचा आराखडा त्यांच्यावरच उभा राहतो. सगळेच करायचे असे ठरवून गेलेले कुटुंब समोर दिसेल त्या रांगेत उभे राहते, आणि नेमकी ज्यासाठी आलो ती राइड राहून जाते.

रांग कशी वाढते

येथे थोडा हिशेब मांडते, कारण तो समजला की पुढचे सर्व निर्णय आपोआप सुचतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे अभियंते आग्नर एरलांग यांनी १९०९ साली एक्स्चेंजवर येणाऱ्या कॉलचे गणित मांडले आणि तेथून रांगांच्या अभ्यासाची सुरुवात झाली. एक्स्चेंजवरचे कॉल असोत, दर्शनाची रांग असो की रोलर कोस्टर, येणारे किती आणि आत घेतले जाणारे किती, यावर सारे ठरते.

समजा, एका राइडच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ४८० माणसे मार्गी लागतात. सकाळी फाटक उघडल्यावर तासाला ६०० माणसे त्या राइडकडे येऊ लागली, तर पहिल्या तासाअखेर १२० जण मागे उरतात आणि त्या वेळी येणाऱ्याला १५ मिनिटे थांबावे लागते. तिसऱ्या तासाअखेर ३६० जण साचलेले असतात आणि थांबण्याचा वेळ ४५ मिनिटांवर जातो. राइडचा वेग तोच आहे आणि येणाऱ्यांचा ओघही तोच आहे. सकाळपासून साचत गेलेली माणसे तेवढी वाढली आहेत. दुपारी दोन वाजता रांगेत उभा राहिलेला माणूस सकाळच्या साऱ्या तासांची शिल्लक भोगत असतो. म्हणूनच पहिल्या दीड तासात जे पदरात पाडून घेता येते, ते दुपारी कितीही चतुराई केली तरी मिळत नाही.

पहिले दीड तास

तिकिटे ऑनलाइन काढून त्यांचे क्यूआर कोड दोन वेगवेगळ्या मोबाइलमध्ये जतन करून ठेवावेत, कारण फाटकापाशी रेंज मिळेलच असे नाही. फाटक उघडण्याच्या पाऊण तास आधी पोचावे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, म्हणून घरून आणलेली दशमी-चटणी किंवा हॉटेलवरचे पोहे गाडीतच संपवावेत. मुलांना पोटभर नाश्ता झालेला असला पाहिजे, मात्र मोठ्या राइडच्या तोंडावर तेलकट काही देऊ नये. मोठ्या बॅगा गाडीतच ठेवाव्यात. सातजणांत मिळून एक छोटी पिशवी पुरते. बॅग नसलेला माणूस तपासणीतून चटकन सुटतो आणि लॉकरच्या रांगेतूनही वाचतो. स्वच्छतागृहाची फेरी फाटकाबाहेरच आटोपावी.

आत शिरल्यावर बहुतेक लोक फोटो काढतात, कॅप आणि फुगे पाहतात आणि मग प्रवेशद्वाराजवळची पहिली राइड धरतात. आपण यांतले काहीही करू नये. आदल्या रात्री नकाशा पाहून ठरवलेल्या, सर्वाधिक मागणीच्या राइडकडे थेट चालत जावे. इमॅजिकाला ज्यांना नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर करायचा आहे, त्यांनी तो पहिला करावा, त्यानंतर अंधारातला डीप स्पेस, आणि मग त्याच भागातल्या उरलेल्या थरारक राइड. वंडरलाला रिकॉइलसारख्या राइडना तोच नियम लावावा. एका भागातले संपवून मगच दुसऱ्या भागात जावे, कारण मुलांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा-बारा मिनिटे सहज लागतात आणि ही चाल कोणी हिशेबात धरत नाही.

लहान मुलांच्या राइडचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. छोट्या होड्या, उडते हत्ती, फिरते घोडे यांत जागा थोड्या असतात आणि प्रत्येक मुलाला बसवून पट्टा लावायला वेळ लागतो. १६ जागा आणि पाच मिनिटांची फेरी असेल तर तासाला १९२ मुलेच होतात. अशा ठिकाणी ६४ जणांची छोटीशी दिसणारी रांगदेखील २० मिनिटांची असते. घरात सहा वर्षांखालची मुले असतील तर एकाने त्यांना घेऊन पहिल्या तासात या राइड उरकाव्यात आणि दुसऱ्याने मोठ्या मुलांना घेऊन रोलर कोस्टर गाठावा. सगळ्यांनी सतत एकत्र राहण्याचा आग्रह सकाळपुरता सोडावा. तासाभराने कुठे भेटायचे, हे मात्र आधी पक्के ठरवावे, आणि ते ठिकाण सावलीत, बाकाजवळचे असावे.

रांग पाहू नये, मोजावी

रांगेची लांबी डोळ्यांना फसवते. काही रांगा कठड्यांच्या वळणांत लपलेल्या असतात, तर काही सरळ रस्त्यावर पसरलेल्या असल्याने भीतीदायक वाटतात. रांगेत शिरण्यापूर्वी दोन मिनिटे बाजूला उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात: एका फेरीत किती जण बसतात, दोन फेऱ्यांमध्ये घड्याळाने किती मिनिटे जातात आणि आपल्यापुढे अंदाजे किती माणसे आहेत. पुढची माणसे भागिले एका फेरीतील जागा, गुणिले फेरीची मिनिटे, इतका साधा तो हिशेब आहे. माझी अकरा वर्षांची मुलगी आता हे काम आपणहून करते. मोबाइलवर घड्याळ लावून ती कठड्यापाशी उभी राहते, ओठ हलवत डोकी मोजते आणि "आई, बावीस मिनिटं, थांबायचं का?" असे विचारते. तिचा अंदाज सहसा चार-पाच मिनिटांपलीकडे चुकत नाही, आणि स्वतः मोजलेली बावीस मिनिटे मुले कुरकूर न करता काढतात, हा त्यातला मोठाच फायदा आहे.

मोजताना एक गोष्ट विसरू नये. दोन गाड्यांवर चालणारी राइड कामाच्या वारी कधी कधी एकाच गाडीवर चालवली जाते. तशा दिवशी गर्दी कमी असूनही रांग हलत नाही. घड्याळ लावले की हे लगेच उघड होते.

राइड मध्येच बंद पडली तर आमचा नियम दहा मिनिटांचा आहे. कर्मचाऱ्याला कारण विचारावे. पावसामुळे किंवा कोणाची तब्येत बिघडल्यामुळे थांबली असेल तर थोडे थांबावे, यांत्रिक बिघाड असेल तर निघावे. निघालो तरी त्या बाजूला लक्ष ठेवावे, कारण बंद राइडची रांग पांगलेली असते आणि ती पुन्हा सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे जवळजवळ रिकामी मिळते.

दुपार

साडेबारा ते चार हा वेळ रांगांच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतो, म्हणून या वेळेत ज्या खेळांत एकदम पुष्कळ माणसे मावतात तेच पाहावेत. एका खेळाला २०० जण मावत असतील तर बाहेर उभी असलेली १५० जणांची रांग एकाच वेळी आत जाते. इमॅजिकाचे आय फॉर इंडिया, ज्यात बसल्या जागी उंचावरून देश पाहिल्यासारखे वाटते, किंवा तिथले इतर छताखालचे खेळ हे याच वेळेसाठी योग्य; सासूबाईंसारख्या वडीलधाऱ्यांनाही ते सुखाने पाहता येतात आणि गारव्यात पाय मोकळे होतात.

जेवण एक ते दोनमध्ये घेऊ नये. साडेअकराला सर्वांनी हलके खावे आणि तीननंतर नीट जेवावे. आपल्याकडे जेवणाची वेळ हलवणे घरातल्या मोठ्यांना रुचत नाही, मधुमेहाची औषधे असतील तर ते योग्यही नाही. अशा वेळी घरातल्या एकाने त्यांच्यासोबत बसावे, बाकीच्यांनी फिरत राहावे.

पाण्याच्या राइडही त्याच पार्कमध्ये असतील, तर त्यांच्या वेळा वेगळ्या असतात आणि त्या सुरू होताच मोठा जमाव तिकडे वळतो. त्या पहिल्या लोंढ्यात आपण जाऊ नये. लोक पाण्यात असताना कोरड्या राइडच्या रांगा ओसरतात. तेवढा वेळ त्या कराव्यात आणि पाण्यात शेवटच्या दोन तासांत उतरावे, तेव्हा इतर मंडळी कपडे बदलण्याच्या घाईत असतात. पाण्याच्या राइड किती वाजता बंद होतात, हे मात्र सकाळीच विचारून ठेवावे.

एक्स्प्रेस तिकीट घ्यावे का

इमॅजिकाचे एक्स्प्रेस आणि वंडरलाचे फास्टट्रॅक ही जास्तीचे पैसे देऊन वेगळ्या, छोट्या रांगेतून जाण्याची सोय आहे. माझे मत असे की, दिवस आपण निवडलेला असेल आणि सकाळी वेळेत पोचणार असू, तर त्याची गरज नसते. लग्नकार्यामुळे किंवा नोकरीतल्या रजेमुळे रविवारीच जावे लागणार असेल तर ते घ्यावे, परंतु सर्वांसाठी नाही. ज्या दोघा-तिघांना मोठ्या राइड करायच्या आहेत, त्यांच्यापुरतेच घ्यावे. आजीसाठी आणि पाच वर्षांच्या मुलासाठी ते पैसे वाया जातात. घेण्यापूर्वी कोणत्या राइड त्यात येतात आणि प्रत्येक राइड एकदाच करता येते की अनेकदा, हे वाचून पाहावे.

परदेशातील पार्कमध्ये हीच सोय अधिक गुंतागुंतीची आहे. डिस्नेने १९९९ साली सुरू केलेला मोफत फास्टपास अमेरिकेतील पार्कमध्ये २०२१ साली बंद झाला आणि आता तेथे त्यासाठी पैसे मोजावे लागतात. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओला जाणाऱ्यांनी तेथील एकट्याने बसणाऱ्यांची रांग विसरू नये. गाडीत कोठे एखादी जागा रिकामी राहिली की त्या रांगेतल्या माणसाला बसवतात. मुले किशोरवयीन असतील आणि शेजारी-शेजारी बसण्याचा हट्ट नसेल तर तेथे पैसे न देता बराच वेळ वाचतो.

लहान मूल, मोठी राइड आणि आई-वडील

लहान मुलामुळे आई किंवा वडील यांपैकी एकाला राइड सोडावी लागते, किंवा दोघांना वेगवेगळे दोनदा रांगेत उभे राहावे लागते. अनेक पार्कमध्ये यावर अदलाबदलीची सोय असते. सर्वांनी एकत्र रांगेत जायचे, एकाने राइड करून यायचे आणि मग मुलाला त्याच्या हवाली करून दुसऱ्याने पुन्हा रांग न लावता बसायचे. आपल्याकडे तसा फलक प्रत्येक ठिकाणी नसतो, पण रांगेत शिरण्यापूर्वीच कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारले तर ते पुष्कळदा होकार देतात. रांग संपल्यावर दाराशी जाऊन मागणी केल्यास मात्र नकारच मिळतो, आणि तो योग्यही असतो.

याच्या अगदी उलट एक सवय आपल्याकडे आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. घरातला एकजण रांगेत उभा राहतो आणि त्याचा नंबर जवळ आला की काका, आत्या, भाचरे अशी बाराजण कठड्याखालून आत येतात. मागे उभ्या असलेल्या, तासभर मुलाला कडेवर घेतलेल्या बाईच्या वाट्याला त्यामुळे अर्धी फेरी जास्त येते. मुले हे पाहत असतात. स्वच्छतागृहाला गेलेले एक मूल परत येणे वेगळे आणि अख्खा गोतावळा घुसवणे वेगळे. आपल्या कुटुंबाने हे करू नये आणि मोठ्यांनी तसे सुचवले तरी शांतपणे नाही म्हणावे.

शेवटचा तास आणि परतीचा रस्ता

बंद होण्याच्या दीड तास आधीपासून मुंबई-पुण्याची कुटुंबे निघू लागतात, कारण त्यांना त्याच रात्री घर गाठायचे असते. आपण जवळच मुक्काम ठेवला असेल तर हा सगळा वेळ आपला असतो. सकाळी केलेली आवडती राइड पुन्हा करायची ती आत्ताच. रांग किती वाजता बंद करतात, हे चालकाला विचारून घ्यावे. सकाळी चाळीस मिनिटांची असलेली रांग या वेळी दहा मिनिटांवर आलेली असते. मागच्या खेपेस मुलीने आणि तिच्या काकांनी शेवटच्या पाऊण तासात एकच रोलर कोस्टर तीनदा केला, तिसऱ्यांदा अगदी पहिल्या ओळीत बसून, तर धाकट्याला त्या वेळी घोड्यांच्या चक्रावर चालकाने दोन फेऱ्या न उतरवता फिरू दिले.

खरेदी आणि फोटो बाहेर पडताना करावेत. वाहनतळावर एकदम गर्दी होते, तेव्हा मुलांना कोरडे कपडे घालून, गाडीतच काही खाऊन वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. त्या रात्री कोल्हापूरचा रस्ता धरू नये. दिवसभर उन्हात चाललेल्या माणसाने रात्रीचा ३०० किलोमीटरचा महामार्ग चालवणे धोक्याचे आहे. रात्री मुक्कामी झोपून पहाटे साडेपाचला निघावे. पुण्याची सकाळची वाहतूक सुरू होण्यापूर्वी कात्रज मागे पडते आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचता येते.